स्लॅब पडला तिथून

माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य असं होतं : ‘स्लॅब पडला तेव्हा तिच्या दातांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे तिला ओरडता आलं नाही.’

रविवारच्या लेखनवर्गात मी हे वाक्य वाचलं आणि मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ‘बाप रे’ म्हणालं. मी बावन्न वर्षांचा आहे. ऑफिसात पत्रांची उत्तरं लिहितो, ‘आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की’ अशी. माझ्या लिहिण्याला आयुष्यात कुणी बाप रे म्हटलं नव्हतं. भाईंदर पश्चिमेहून पूर्वेला, नवघरच्या घरी पोचेपर्यंत मी ते बाप रे मनात घोळवत चालत होतो. रिक्षा केली नाही, कारण बसवेना.

वर्ग एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, “घडतंय तिथून सुरू करा. गाव, घराणं, हवापाणी, जन्म, सगळं नंतर. वाचकाला दार उघडून थेट मधे उभं करा. तो विचारेल, अरे काय चाललंय इथे? विचारू दे त्याला.”

बाकीच्यांना ते जमत नव्हतं. एका गृहस्थांचा नायक तीन रविवार झाले तरी जन्माला येईना. त्याचे पणजोबाच अजून गाव सोडून निघाले नव्हते. सर कपाळाला हात लावायचे. मला मात्र पहिल्या झटक्यात जमलं. “बघा,” सर सगळ्यांना म्हणाले, “याला म्हणतात मधून सुरुवात. आधीचं एक अक्षर नाही.”

आधीचं एक अक्षर नाही, म्हणूनच मला ती रीत आवडली होती. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

स्लॅब आमच्याच घरात पडला होता, चार वर्षांपूर्वी. ती बाई म्हणजे माझी मोठी बहीण. ताईने लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहते आणि ब्लाऊज शिवायची. नवघरच्या जुन्या घरांतल्या बायकांपासून नव्या टॉवरमधल्यांपर्यंत तिची गिऱ्हाइकं होती. हॉलच्या छताचा तुकडा तिच्या उजव्या हातावर आणि मशीनवर पडला. मनगटात स्टीलची पट्टी घातली, दोन बोटं वळत नाहीत ती नाहीतच. कात्री धरता येत नाही. आणि ताईची पक्की समजूत होती की चूक तिचीच. आठवडाभर आधी तिने मशीन गॅलरीतून हॉलमध्ये, नेमकं त्या जागेखाली आणलं होतं, आणि मी नको म्हणत असताना आणलं होतं. “भाऊ सांगत होता, मीच ऐकलं नाही,” हे तिने किती जणांना सांगितलं असेल त्याला मोजदाद नाही. मी शेजारी उभा राहून ऐकत असे.

मला त्या छताबद्दल माहीत होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मी पुढची पानं वाचली. ॲम्ब्युलन्स, जिन्यातली गर्दी, धुळीने पांढरी झालेली बाई. वर्गात पालीहून स्कूटीवर येणारी एक बाई होती, साठीच्या जवळची, कोळीवाड्यातली. ती फार बोलायची नाही. त्या दिवशी तिने वही मिटली आणि मला विचारलं, “त्या घरात कुनी ठोकून बगितलं न्हाय का आदी? आमच्याकडं बिल्डिंग झाली ना, तितं पन हातोडी घेऊन येतात. छत बोलतं की.”

“ते पुढे येईल,” मी म्हणालो.

“पुडं कसं येईल? ते तर आदी झालं.”

सगळे हसले. मीही हसलो. सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, वाचक असाच अडकला पाहिजे. पण त्यानंतर माझं घरात मन लागेना. मी सुरुवात बदलली. आता कादंबरी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये सुरू होत होती. मग फिजिओथेरपीच्या खोलीत. मग नायिका डाव्या हाताने आपलं नाव गिरवायला शिकते तिथे. अशा सात सुरुवाती केल्या आणि प्रत्येक वेळी मी स्लॅबपासून आणखी लांब, आणखी पुढे सरकत होतो. ऑफिसात फाईल उघडी ठेवून जिन्यात फेऱ्या मारायचो. जेवताना उठून नळ बंद आहे का बघायचो. बायको म्हणाली, “कादंबरी लिहितोयस की पोटात जंत झालेत?”

आता ते आधीचं.

मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला होता. हॉलच्या छताला पावसाळ्यापासून तपकिरी डाग होता. एका ठिकाणी प्लास्टर फुगून गळून पडलं होतं आणि आतली सळई दिसत होती, गंजून जाड झालेली. मुलाकडची माणसं येणार, त्यांना काय ते दाखवायचं? मी पीओपीचं सिलिंग करायला माणूस बोलावला. तो शिडीवर चढला, बोटाने खरवडलं, आणि खाली उतरून म्हणाला, “साहब, पहले ये ठोक के निकालना पड़ेगा. ऐसे ढकेगा तो कल मेरे को बोलेंगे.”

“तुम ढक दो,” मी म्हणालो. “बाकी हम देख लेगा.”

त्याने ढकलं. फार सुंदर दिसायला लागलं. मधे गोल, कडेने लपवलेले दिवे. ताई मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, “हॉटेलात आल्यासारखं वाटतंय रे.”

साखरपुड्याला पंधरा दिवस होते आणि सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट निघालं. इंजिनियर प्रत्येक घरात येऊन छोट्या हातोडीने छत ठोकणार. नोटीस बोर्डावर स्वच्छ लिहिलं होतं, फॉल्स सिलिंग असल्यास काढून ठेवावे. मी ती नोटीस येता-जाता तीन दिवस वाचली. चौथ्या दिवशी, ते यायच्या सकाळी, बायको आणि ताई खरेदीला निघाल्या. ताई रिक्षा थांबवायला आधी खाली गेली. बायकोने बाहेरून कुलूप लावलं. मी आत होतो.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी हसलो असतो. भरल्या घरचा कर्ता माणूस पंखा बंद करून, मोबाइल सायलेंटवर टाकून, स्वतःच्या हॉलमध्ये चोरासारखा स्टुलावर बसलेला. बेल वाजली. पुन्हा वाजली. दाराबाहेर सेक्रेटरींचा आवाज, “कुलूप आहे. गावाला गेले वाटतं.” इंजिनियर म्हणाला, “फिर आना पड़ेगा क्या?” सेक्रेटरी म्हणाले, “लिख दो बंद.”

मग ते शेजारच्या घरात गेले. भिंतीपलीकडून हातोडी ऐकू यायला लागली. टक, टक, टक, टक. आमच्या भिंतीच्या जवळ आली आणि आवाज बदलला. बद्द. बद्द. ओल्या मडक्यावर मारल्यासारखा. त्यांचं आणि आमचं छत सलग आहे. मी मान वर केली. वर पांढरंशुभ्र होतं.

साखरपुडा होऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं होतं. साखरपुडा झाला. मग म्हटलं दिवाळी होऊ दे. एकदा सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं तर म्हणालो, हो हो, कळवतो. पाच महिने गेले. मग एका संध्याकाळी ताई म्हणाली, गॅलरीत ऊन फार लागतं, मशीन आत घेऊ या. मी म्हणालो, “राहू दे ना तिथेच. टीव्हीच्या मधे येईल.” ती म्हणाली, “टीव्ही काय पळून जातोय?” आणि मशीनची एक बाजू तिने धरली, दुसरी मी.

दुसरी मी धरली. हे मी कुठल्याच सुरुवातीत लिहिलं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी बायको कामावर होती. ताई जमिनीवर बसून मटार सोलत होती, उजव्या मनगटाने ताटली दाबून धरायची आणि डाव्या हाताने सोलायचं. मी टेबलाशी लिहीत, खोडत होतो.

“सगळ्या भाईंदरला वाचून दाखवतोस,” ती म्हणाली. “माझ्यावर लिहिलंयस आणि मलाच नाही.”

“तुझ्यावर नाही गं, कादंबरी आहे.”

“कादंबरीतल्या बाईवर स्लॅब पडला ना? मग वाच.”

मी पहिली सुरुवात वाचली, कारण तिचं कौतुक झालं होतं. ताई सोलता सोलता ऐकत होती. मी थांबलो तेव्हा ती हसत होती.

“टाचण्या कुठून आणल्यास? मी केवढ्याने ओरडले होते! तीन मजले ऐकू गेलं असेल. तूच तर बाथरूममधून साबणासकट धावत आलास.”

“ते परिणामासाठी केलंय.”

“असू दे. छान लिहिलंयस. पण सुरुवात चुकलीय.”

“सर म्हणतात मधूनच सुरू करायचं.”

“सरांना काय माहीत? मशीन हलवलं तिथून सुरू कर. तू नको म्हणालास, मी ऐकलं नाही, तिथून. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बिचारीवर उगाच पडलं. हट्टी होती हे कळू दे की त्याला.”

मी म्हणालो, “मी नको म्हणालो ते टीव्हीसाठी.”

“ते तोंडाने म्हणालास. तुला आतून काहीतरी लागलं असणार. आई म्हणते ना, तुला लहानपणापासून आधी कळतं. गाय आटणार ते तूच सांगितलं होतंस.”

चार वर्षांत हेसुद्धा झालं होतं. गावी आई मला पुढचं कळणारा समजत होती आणि ताईला म्हणत होती, “त्याचं ऐकलं असतंस तर हात राहिला असता.” आणि ताई ते मान खाली घालून ऐकून घेत होती.

“ताई,” मी म्हणालो, “मला माहीत होतं.”

“तेच म्हणतेय मी.”

“तसं नाही. मी बघितलं होतं. सळई बघितली होती.” आणि मग एकदा तोंड उघडलं तर थांबता येईना. शिडीवरचा माणूस, नोटीस, कुलूप, हातोडी. मी खाली फरशीकडे बघत बोलत होतो. मटार सोलल्याचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही.

तिने पहिलं काय विचारलं तर, “कुलूप कुणी लावलं?”

“हिने.”

“मी खाली रिक्षा थांबवून उभी होते तेव्हा?”

“हो.”

“मी तिला विचारलं, एवढा वेळ कुठे होतीस? म्हणाली, गॅस बंद केला का बघत होते.” तिने हातातली शेंग ताटलीत टाकली. मग म्हणाली, “साखरपुड्यानंतर पाच महिने होते.”

“हो.”

“पाच महिने मी रोज रात्री त्याच्याखाली अंथरूण घालत होते. मशीनचं सोड.”

मला हे सुचलंच नव्हतं. खरं सांगतो, चार वर्षांत एकदाही नाही. मी मशीनपर्यंतच पोचलो होतो.

ताईने ताटली उचलली, आत गेली, मटार निवडले, भाजी टाकली. रडली नाही, ओरडली नाही. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी ‘जेवायला ये’ आणि ‘दूध आलं’ एवढंच बोलली. बायको मात्र बोलली, आणि भरपूर बोलली. “तुझं मन हलकं करायला तू मलाही उघडं पाडलंस. आधी मला विचारायचं तरी! मी काय तिचं वाईट चिंतलं होतं? तू म्हणालास कुलूप लाव, मी लावलं.” तिचंही खरं होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. चालायला निघून जायचो, काशीगावच्या बाजूने हायवेपर्यंत, आणि तिथल्या आवाजात उभा राहून परत यायचो.

नवव्या दिवशी ताई समोर येऊन बसली. “वही घे.”

“कसली?”

“तुझी कादंबरीची घे. मी कुणाकुणाला म्हटलंय माझी चूक, ते सांगते. लिही. आणि एकेकाकडे जाऊन सांगून ये. फोन नको.”

तिने सांगितलं, मी लिहिलं. सेक्रेटरी. फिजिओथेरपीवाली. नवघरातली जुनी गिऱ्हाइकं. अशी अकरा जणं निघाली.

सेक्रेटरींनी सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “अहो, तेव्हा बोलायचं ना. आता रिपोर्ट फाईल झाला. तुमच्या बाजूच्या घरात लगेच दुरुस्ती सांगितली होती. तुमचं बंद म्हणून राहिलं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाहेर कुठे बोलू नका. बाकीचे मेंबर मला विचारतील, पुन्हा का नाही गेलात म्हणून.” ते घाबरले होते. माझ्यासारखाच आणखी एक, असं वाटून मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

फिजिओथेरपीवाली तरुण मुलगी. दोन पेशंटच्या मधे उभ्या उभ्या ऐकून म्हणाली, “ओके अंकल. पण एक्सरसाइज चालू आहेत ना त्यांचे?”

नवघरातल्या एका ओटीवर आजी सुकट निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं, ताईंची चूक नव्हती, माझी होती. त्या म्हणाल्या, “मी कुटं म्हनली त्यांची हाय? त्याच म्हनत व्हत्या. मी म्हनायची, गो बाई, छत काय तू पारलंस?” आणि मी निघालो तर मागून हाक, “ओ भाऊ! माजं पिवलं कापड हाय का बगा त्यांच्याकडं. नातीच्या हलदीचं व्हतं. नातीला आता पोर झाला!”

मग एका रविवारी वर्गात गेलो. वाचायला काही नेलं नव्हतं. पालीच्या बाईंना म्हणालो, “तुम्ही विचारलं होतं ना? ठोकून बघितलं नव्हतं. ते आले तेव्हा मी बाहेरून कुलूप लावून घेऊन आत बसलो होतो.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कादंबरी नाही हे त्यांना लगेच कळलं. “तुमची कोन ती?” त्यांनी विचारलं. बहीण, मी म्हणालो.

पण सरांनी ते ऐकलं होतं आणि त्यांचे डोळे चमकले. “अहो, हीच सुरुवात! बंद घरात श्वास रोखून बसलेला माणूस, बाहेर बेल वाजतेय. थेट मधून! पहिल्यापेक्षा किती तरी सरस.”

आणि मला ते पटलं. हेही लपवत नाही. परतीच्या वाटेवर माझ्या मनात वाक्य जुळायलासुद्धा लागलं, ‘दुसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा त्याने’ वगैरे. घरी आलो तो वही शोधतच. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, चिमटे दातांत धरून. मी तिला सांगितलं, सर असं असं म्हणाले.

तिने दातांतले चिमटे हातात घेतले. “कादंबरीत नको. कादंबरीत तू मला पुन्हा टाचण्या देशील. लिहायचं तर झालं तसं लिही. नाव कुणाचं घालू नकोस, माझंही नको.” मग वहीकडे हात केला. “किती राहिले?”

“सगळ्यांकडे जाऊन आलो. अकराच्या अकरा.”

“आई राहिली.”

आईला मी यादीत धरलंच नव्हतं. तिचं नाव ताईने सांगितलं नव्हतं, मीही काढलं नव्हतं. “गावी जाईन तेव्हा सांगतो,” मी म्हणालो.

“गणपतीत? तोवर पाच महिने आहेत.”

मी फोन लावला. आमच्याकडे रेंज गॅलरीतच नीट येते आणि आईला कमी ऐकू येतं. दुपारचे बारा, रविवार, खाली कंपाउंडमध्ये माणसं गाड्या धूत होती. आईने आधी उकाड्याचं विचारलं, मग नातजावयाचं. मी म्हणालो, आई, ताईच्या हाताचं सांगायचंय. “मोठ्यान बोल,” आई म्हणाली. मी मोठ्याने सांगितलं. “अजून मोठ्यान. इकडं पंखा हाय.” मग मी ओरडून सांगितलं, की छत खराब आहे हे मला माहीत होतं, मी झाकलं होतं, मला आधीबिधी काही कळत नाही, आणि हात ताईचा गेला तो माझ्यामुळे. खाली एकाने पाण्याचा पाइप बंद केला आणि वर बघितलं. मी तिथेच उभा राहिलो.

तिकडचा पंखा बंद झाला.

“ती हाय का तिथं?” आईने विचारलं.

“आहे.”

“तिला दे.”

ताईने डाव्या हाताने फोन घेतला. चिमटे कठड्यावर ठेवले. “हं, बोल आई,” म्हणत ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. रेंज तिथे तुटते, तरी ती बाहेर आली नाही. बराच वेळ बोलत होती. एकदा तिचा आवाज चढला, मग अगदी बारीक झाला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. राहिलेले कपडे मी वाळत घातले.